सुखदेवा, ओट्याला तडा गेला होता

सुखदेवा,

तुझ्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार शब्द मागितले. मी लिहून दिले. कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, मितभाषी. मितभाषी! विटांच्या ढिगावर बसून तासन् तास माझं डोकं खाणारा तू, आणि मितभाषी! हेडमास्तरांना मजकूर पसंत पडला, मला मात्र तो दुसऱ्यांदा वाचवेना. म्हणून हे वेगळं लिहायला बसलो आहे. हे अंकासाठी नाही. तू जाऊन आज सतरा दिवस झाले आणि या सतरा दिवसांत माझ्याशी कोणी भांडलेलं नाही.

रजा टाकून अंजनगावला आलो आहे. आईशी एक बोलायचं आहे, ते पुढे सांगतो. खरं म्हणजे अकोल्यात राहवतही नव्हतं. ऑफिसात सही करावी, साइटवर जाऊन मजुरांवर उगाच ओरडावं, खोलीवर येऊन कंदील पुसावा. रविवार आला की पायात चपला घालून मी दारात उभा राहतो आणि कुठे जायचं तेच सुचत नाही. पाच वर्षं अकोल्यात काढून मी तुझ्याशिवाय दुसरा माणूस जोडला नाही. तू म्हणायचास, "परल्या, आनखी एखांदा दोस्त पाहून ठेव लेका, मी एकटा कुठंकुठं पुरू?" मी हसण्यावारी नेलं होतं.

आपण एका बाकावर कसे आलो ते तुला सांगायला नको, पण मला ते पुन्हा एकदा सांगावंसं वाटतं. अमरावतीची आपली शाळा तेव्हा नुकतीच बहुउद्देशीय झाली होती. नववीला विषय वाटून द्यायचे होते. कोणाला शास्त्र, कोणाला वाणिज्य, आणि उरलेल्यांसाठी बांधकाम. मी बीजगणितात गटांगळ्या खात होतो, म्हणून सरांनी मला बांधकामात टाकलं. माझे बाबा अंजनगावहून तणतणत आले. "सर, आमच्या घरी वावर हाये, बैल हायेत. पोराले गवंडी काहून करून राहिले तुमी?" सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि कसंबसं समजावलं.

त्याच दुपारी तुझे वडीलही आले. ते गवंडीच होते. चपला बाहेर काढून ते दारातच उभे राहिले. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. "सायेब, इटा रचनं तं मी त्याले घरीच शिकोलं असतं. त्याच्यासाठी शाळा कायले पाह्यजे? त्याले गनित द्या ना." गणितात तू वर्गात पहिला होतास. पण सर हसले आणि म्हणाले, घरचाच धंदा आहे, मुलगा या विषयात नाव काढील. दोन बाप एकाच विषयावर चिडले होते, आणि ज्याचं म्हणणं खरं होतं त्याला दारातूनच परत पाठवलं. मी खिडकीपाशी उभा होतो. मला तेव्हा एवढंच कळलं की आपल्यासोबत अजून एक पोरगा येतो आहे, आणि मला बरं वाटलं.

"मले इचारलं कोनं?" हा तुझा जन्माचा प्रश्न. मी म्हणायचो, अरे, तुझ्या हातात जादू आहे, कशाला रडतोस? त्यावर तू भडकायचास. "सहा वर्साचा होतो तवापासून इटा वाहून राहिलो मी. तुह्या हातात तवा काय होतं? भवरा. ही सवय हाये, जादू नोहे." आणि मग मी काही बोललो की, "भवरेवाल्यानं गप बसावं." तरी मी वर्षानुवर्षं वाद घातला, कारण तू चिडलेला मला आवडायचास.

आपला विषयही तसा चमत्कारिकच. शास्त्राची पोरं पांढरे कोट घालून प्रयोगशाळेत जायची आणि आपण शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये चिखल तुडवायचो. शाळेकडे विटा बेताच्या. म्हणून भिंत चुन्यात बांधायची नाही, चिखलात बांधायची, म्हणजे पाडल्यावर विटा धुऊन पुन्हा वापरता येतात. सोमवारी पाया आखायचा, शुक्रवारपर्यंत भिंत कमरेएवढी आणायची, सरांनी ओळंबा लावून ती सरळ आहे का ते बघायचं, मार्क द्यायचे, आणि शनिवारी आपणच ती पाडायची. भिंतीच्या दोन टोकांना दोघं उभे राहात आणि मधोमध येऊन भेटत. तू डावखुरा होतास, म्हणून तुझं टोक नेहमी उजवीकडचं. पहिल्या दिवशी मी वीट दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवायला निघालो तेव्हा तू ओरडलास, "काय बे, इटेचा मुका घेतं काय? बसव खाली!" सगळी शेड हसली. मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही, तिसऱ्या दिवशी तूच डब्यातली मिरचीची चटणी माझ्या भाकरीवर ठेवलीस.

शनिवारचा दिवस तुला नको वाटायचा. पाडायच्या आधी तू भिंतीवरून एकदा हात फिरवायचास, आणि पहिला घाव नेहमी मला घालायला लावायचास. तीन वर्षांत आपण किती भिंती बांधल्या कोणास ठाऊक, पण त्या शाळेच्या आवारात आपल्या हातची एक वीटही उभी नाही. तू म्हणायचास, "एक तं काई उभं राह्यलं पाह्यजे ना यार."

शेवटच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी माझं टोक पाहिलं, तुझं पाहिलं. दोघांच्या बापांचे धंदे विचारले. मग माझी पाठ थोपटून म्हणाले, शेतकऱ्याचा मुलगा असून छान हात बसवला आहे. तुझ्याकडे न बघताच म्हणाले, याला काय, घरचंच काम आहे. मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. माझ्या टोकाचे खालचे तीन थर तू माझ्याकडून काढून घेऊन पुन्हा बसवले होतेस, हे मी त्यांना सांगितलं नाही. तू तो विषय कधी काढलाही नाहीस. तुझ्यासाठी तोंड न उघडण्याची ही माझी पहिली वेळ, असं मी आता म्हणतो. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. इतकी वर्षं आपण तो उन्हाळा टाळला.

परीक्षा झाली आणि बाबांनी घराला नवं स्वयंपाकघर काढायचं ठरवलं. गावातला मिस्त्री जिनिंगच्या कामावर अडकला होता. मी फुशारकीने म्हटलं, आम्ही दोघं बांधतो. बाबांना स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर तुझ्या जातीचा विचार पडला नाही. तुमच्या घरी दीक्षा घेऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, तू बुद्धवंदना म्हणायचास, पण आमच्या गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. आमच्याकडे एक रीत होती, ती कोणी बोलून दाखवत नसे. काम चालू आहे तोवर जागा म्हणजे नुसतं काम. तिथे कोणीही कुठेही जावं, बसावं, घाम गाळावा. वास्तुशांती झाली, चूल पेटली, की तिथून ते घर.

पाच आठवडे आपण तिथे होतो. काळी माती लागली म्हणून तू पाया मुरमापर्यंत खोल न्यायला लावलास, आणि बाबा कुरकुरले तर त्यांना उन्हात नेऊन शेजाऱ्याच्या भिंतीची भेग दाखवलीस. दुपारी आपण चौथऱ्यावर, आता जिथे चूल आहे त्याच जागी बसून जेवायचो. आईची कंबर तेव्हापासूनच दुखायची, खाली बसून स्वयंपाक जड जायचा. तूच म्हणालास, ओटा उभ्याने रांधता येईल असा करू. गावात तसा ओटा कोणाकडेही नव्हता. माप घ्यायचं होतं, आणि तू आईच्या जवळ जायचा नाहीस. तू दुरूनच सुताचं टोक टाकलंस. "काकू, हे पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरा, अन् कोपराजवळ गाठ मारा." आई लाजत लाजत गाठ मारत होती. मग तू हिशोब केलास, चुलीची उंची गाठीतून वजा केलीस, आणि ओटा त्या मापाने उठवलास. वरून चुन्याचा गिलावा तू एकट्याने केलास, मला हात लावू दिला नाहीस. आई दिवसातून दोनदा येऊन त्यावरून हात फिरवून जायची. "बाबू, लई गुळगुळीत झाला रे," म्हणायची. तुझ्या हातचं ते पहिलं काम, जे शनिवारी पाडायचं नव्हतं.

वास्तुशांतीला तू शाळेचा पांढरा शर्ट धुऊन घालून आलास. हातात पिशवी, पिशवीत थापी आणि ओल्या फडक्यात बांधलेला थोडा चुना. बाबांनी तुझं तोंड भरून स्वागत केलं. "ये सुखदेव, बस," म्हणाले, आणि गोठ्याजवळच्या कडुलिंबाखाली हात केला. तिथे तुझं पान मांडलं होतं, एकट्याचं. आत दूध उतू घालून झालं होतं, चुलीवर स्वयंपाक चढला होता. तू सरळ दाराशी आलास. मी दारात होतो. तू हळूच म्हणालास, "परल्या, पयला जाळ लागला ना? चुना तापेल हाये तवाच पाहा लागते. तडा धरला असन तं आत्ताच दाबून देतो. दोन मिनिटं फक्त."

माझ्या मागे मावश्या, आत्या. समोर अंगणातून बाबा पाहात होते. मला फक्त बाजूला व्हायचं होतं. मी म्हणालो, "आज लई गर्दी हाये. उद्या पाहू ना."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. परीक्षकाकडे पाहिलं होतंस तसंच. "हाव," म्हणालास, "उद्या." चुन्याचं फडकं खांबापाशी ठेवलंस आणि मोटारस्टँडकडे चालू लागलास. तुझं पान तसंच राहिलं. मी तुझ्या मागे फाटकापर्यंतही आलो नाही. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस आणि मी बोलवायला गेलो नाही. चुना वाळून दगड झाला, आईने तो उकिरड्यावर टाकला.

चौथ्या दिवशी तडा दिसला. चुलीच्या मागून निघून भिंतीपर्यंत गेलेला, केसाएवढा. आता त्यात बोटाचं टोक जातं. आई दर दिवाळीला त्यात माती भरते, दर उन्हाळ्यात ती पडते.

तू मैत्री मोडली नाहीस. याबद्दल तुझे आभार मानू की तुझ्यावर चिडू, मला आजही ठरवता येत नाही. तुझे वडील गेले, घर तुझ्यावर पडलं, तू डिप्लोमाला जाऊ शकला नाहीस. मी गेलो, ओव्हरसियर झालो. तू आधी गवंडीकाम केलंस आणि मग अकोल्याच्या शाळेत आपलाच विषय शिकवायला लागलास. मला नोकरी अकोल्यात मिळाली तेव्हा स्टँडवर तू घ्यायला आला होतास, माझी ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागलास. आणि चार पावलांवर विचारलंस, "ओटा कसा हाये?"

"एकदम ठणठणीत," मी म्हणालो.

त्यानंतर मी गावाहून परत आलो की दर वेळी तू विचारायचास आणि दर वेळी मी हेच सांगायचो. तडा गेला म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, चाल, दुरुस्त करून देतो. मग तुला आत न्यावं लागलं असतं. बाबांना जाऊनही आता दोन वर्षं झाली, तरीही मी ठणठणीतच म्हणत राहिलो. सरकारी नोकरीत पुलांच्या भेगा मोजतो मी, अहवाल लिहितो. एवढ्या एका भेगेचं तुला सांगितलं नाही.

तुझ्या वर्गात मी दोनदा येऊन बसलो होतो, आठवतं? नवीन वर्षाचा पहिला तास होता. तू थापी हातात न घेताच एकेका पोरासमोर जाऊन विचारत होतास, "तुले इचारलं काय कोनं, का टाकलं इथं?" ज्याने 'नाही' अशी मान हलवली त्याच्यासाठी तू हेडमास्तरांशी भांडायचास. तुझ्या वर्गातली चांगली पोरं तूच शास्त्राकडे पाठवत होतास. शेवटच्या रविवारी आपलं त्यावरूनच वाजलं. मी म्हणालो, तू आपल्या विषयाच्या मुळावर उठला आहेस, चांगल्या हाताची पोरं घालवलीस तर शिकणार कोण? तू म्हणालास, "तुह्या घरचे घाल. तुह्या काकाचा पोरगा नववीत गेला ना औंदा? घाल त्याले बांधकामात." मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग तो खिळा. तुझ्या शाळेच्या शेडमधल्या जुन्या फळीचा, तुझ्या पायात घुसलेला. मी तेव्हा दूर साइटवर होतो, निरोप पोचेपर्यंत चार दिवस गेले. दवाखान्यात आलो तर धनुर्वाताने तुझे दात घट्ट मिटलेले. तुला बोलता येत नव्हतं, डोळे मात्र पूर्ण जागे होते. मला बोलता येत होतं. मी पलंगापाशी बसून काय बोललो सांगू? उन्हाळा कडक आहे म्हणालो. बरा होशील म्हणालो. तू माझ्याकडे पाहात होतास आणि मी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो. असा एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो.

बाराव्या दिवशी मी तुझ्या क्वार्टरवर गेलो. कमलवहिनी मला सरळ आत घेऊन गेल्या, चुलीशेजारी पाट टाकला. त्या तांदूळ निवडत होत्या, तुझी पोरगी त्यांच्या पाठीला रेलून झोपली होती. मी सगळं सांगून टाकलं. पान, दार, "उद्या पाहू", तडा, ठणठणीत. सांगून झाल्यावर हात जोडले.

त्यांनी तांदळातून मान वर केली नाही. "हे मले काहून सांगता, भाऊजी? मी तं तवा तिथं नव्हती. हे त्याहिले सांगाचं होतं."

एक खडा काढून बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "तडा गेला ते त्याहिले माहीत होतं. पयल्या जाळावर हात नाई फिरला का तडकतेच, म्हनत. तुमी ठनठनीत म्हनलं का घरी येऊन हासत."

हसायचास तू. सुखदेवा, तू चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी एवढी वर्षं तुझ्यापासून जे लपवत होतो ते तू घरी येऊन बायकोला सांगून हसत होतास, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारत होतास. कदाचित या वेळी तरी मी खरं बोलेन म्हणून.

मी निघायला उठलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गुरुवारी माहा भाऊ न्यायले येते, परतवाड्याले. मोटार अंजनगाववरूनच जाते. मी दोन घंटे उतरतो तिथं. त्याहिच्या हातची पयली उभी राह्यलेली वस्तू हाये ते. पोरीले दाखवाची हाये." मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "आत येऊ द्यान ना?"

"हाव," मी म्हणालो. "या."

"तुमची माय?"

"मी हाये ना," मी म्हणालो.

शनिवारी मी इथे आलो. तू गेल्याचं सांगितलं तर आई मटकन खाली बसली. "माह्या ओट्याचा सुखदेव?" म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून कितीतरी वेळ रडली. लई गुणाचा पोरगा, लई गुणाचा, असं म्हणत राहिली. तिचं रडणं खरं होतं. मग उठून तिने हात धुतले आणि आत जाऊन चूल पेटवली. गुरुवारचं त्या वेळी सांगायला हवं होतं. रविवारीही सांगता आलं असतं. काल दिवाळीची वाट न पाहता ती मला माती कालवून मागत होती, तड्यात भरायला, तेव्हा तर विषय हाताशीच होता. मी माती कालवून दिली. ती हो म्हणेल की नाही, मला खरंच माहीत नाही. ती नाही म्हणाली तर मी त्या दारात कुठल्या बाजूला उभा राहणार, हेही माहीत नाही.

आज मंगळवार आहे. ओसरीवर बसून लिहितो आहे. आत ती उभ्याने भाकरी थापते आहे, कंबर दुखत नाही म्हणून अधूनमधून गुणगुणते आहे. सकाळपासून मी तीनदा दारापर्यंत जाऊन आलो. आईला अजून सांगितलेलं नाही.